बसून दाखव

फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाईक आलं, की मालक दारातल्या खुर्चीकडे बोट दाखवून ओरडायचे, "ए गोदाम, बसून दाखव रे!" मी बसलो, की म्हणायचे, "हे धूड पेलतेय, म्हणजे तुम्हाला जन्मभर पुरेल!"

वजन कमी करायचं ऑपरेशन करून दोन महिन्यांनी आज कामावर परतलो. शर्ट अंगावर नुसता लोंबत होता, तरी हाक आलीच.

"मालक, माझ्यात आता काय राहिलंय?" मी गरीब चेहरा केला. "आता दुकानात सगळ्यात जाड तुम्हीच. बसा ना!"

गिऱ्हाईक खुदकन हसलं. मालक ऐटीत बसले आणि खुर्चीसकट आडवे झाले.

सगळे पोट धरून हसले.



मी नाही हसलो. टाक्यांची जागा दुखली असती, आणि खिशातले खुर्चीचे स्क्रूही वाजले असते.