निळ्यांची चाल

“ते टेबल सोडून बाकी सगळं न्या,” फिटर म्हणाला.

डॉक्टरबाईंचा हात हवेतच थांबला. त्या दातांच्या डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी क्लबात टेबलावरच्या लढाया खेळायच्या, आणि क्लबासाठीच फिटरची सगळी फौज विकत घ्यायला आल्या होत्या. सकाळपासून त्या एकेक शिपाई भिंगाखाली धरून बघत होत्या. बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई, तीन हजारांच्या वर. प्रत्येकाच्या कोटाला बटणं, प्रत्येक बटणावर पिवळा ठिपका. कारखान्यातली पाळी संपवून आल्यावर फिटरने तीस वर्षं हेच केलं होतं.

“टेबलावरच्याच तर चांगल्या पलटणी आहेत, काका. लाल, निळी, दोन्ही फौजा अर्ध्या राहतील. अर्ध्या फौजेचं आम्ही काय करणार?”

“बाबा, तुम्ही शब्द दिलाय,” मुलगी खोक्यांत कापूस भरत म्हणाली. “सोमवारी घराच्या किल्ल्या द्यायच्यात. माझ्याकडे तुम्हाला जागा आहे. तुमच्या सैन्याला नाही.”

फिटर टेबलाशी आपल्या खुर्चीत जाऊन बसला. टेबलावर एक लढाई अर्धी पडली होती. बायकोला दवाखान्यात नेलं त्या दिवशी होती तशीच. ती परत आली नाही. अकरा महिने तो रोज सकाळी मऊ ब्रशने शिपायांवरची धूळ झाडायचा, पण जागचा एकही हलवायचा नाही. शिपाई हलला की लढाई मोडली. मग दोघांचं मिळून अजून चालू आहे असं घरात काहीच उरलं नसतं.

“कुणाशी खेळत होतात?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“बायकोशी. लाल माझी, निळी तिची.”

“काकू खेळायच्या?”

“खेळायची म्हणजे हरायची.” फिटरला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. “तीस वर्षांत एकदा जिंकली नाही. मी म्हणायचो, तुझा सेनापती भाजी निवडत बसलाय का? ती म्हणायची, तुमच्यापुढे कुणाचा टिकाव लागणार. आणि चहा ठेवायला जायची.”

“बरंच होतं ते,” मुलगी म्हणाली. “बाबांना हार पचत नाही, डॉक्टर. एकदा मामा जिंकला. बाबांनी दोन महिने रंगाची डबी उघडली नाही, आणि मामाशी वर्षभर अबोला.”

“तुझ्या मामाने फासा ढकलला होता.”

“हेच म्हणतेय मी.”

डॉक्टरबाई हसत टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि तिथल्या खुर्चीत बसल्या. ती बायकोची खुर्ची. फिटर काहीतरी बोलणार होता, पण बसलेल्या माणसाला उठा कसं म्हणायचं?

“चाल कुणाची होती?”

“तिची. पण तिचं आटोपलंच होतं म्हणा. पूल माझ्या ताब्यात, टेकडीवर तोफा माझ्या.”

डॉक्टरबाई खाली वाकल्या. दात बघताना वाकत असतील तशा. मग त्यांनी मोजायची पट्टी मागून घेतली.

“घोडेस्वार एका चालीत किती जातात तुमच्याकडे?”

“आठ इंच.”

“आणि तंबू पडला की?”

“संपलं. सेनापतीचा तंबू गेला की सगळंच गेलं.”

त्यांनी पट्टी खाली ठेवली. “काका, निळे घोडेस्वार तुमच्या तंबूपासून सहा इंचांवर आहेत. मध्ये कुणी नाही. पहारा तुम्ही पुलावर नेलात. फासा टाकायचीसुद्धा गरज नव्हती. ही लढाई काकूंची होती.”

“भलतंच काय.” फिटरने आपल्या खुर्चीतून पाहिलं. त्याच्या बाजूला रानाचा तुकडा आडवा येत होता, त्यानेच काड्या आणि भुसा चिकटवून केलेला. त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. “तिच्या लक्षातच आलं नसेल.”

“इथून बघा,” म्हणत डॉक्टरबाई उठल्या.

तीस वर्षांत तो त्या खुर्चीत एकदाही बसला नव्हता. आता बसला. समोर मोकळी, सरळ वाट होती आणि वाटेच्या टोकाला त्याचा लाल तंबू. खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही दिसली असती, इतकी उघडी वाट.

पट्टी उचलून त्याने स्वतः अंतर मोजलं.

“बाबा?” मुलगी म्हणाली.

“तीन दिवस ती इथे बसून होती,” तो म्हणाला. “अंगात ताप. रोज यायची, बसायची, बघायची, उठून जायची. तिसऱ्या दिवशी मी वसकन अंगावर गेलो तिच्या. म्हटलं, एक चाल करायला तीन दिवस? डोकं गहाण ठेवलंयस का? तर म्हणाली, थांबा हो जरा, बघते काहीतरी.”

“आजारी होती ती, बाबा. नसेल सुचली चाल.”

फिटरने पुढचा निळा घोडेस्वार उचलला. सहा इंच नेला. आपला तंबू बोटाने आडवा केला. मग कापसाचं खोकं जवळ ओढलं.

“चाल सुचली होती,” तो म्हणाला. “हरायचं कसं, ते सुचत नव्हतं तिला.”