कव्हराखालचे दिवे

“ताई, गाडीला काहीही झालेलं नाही,” मेकॅनिक म्हणाला. “हीच तर पंचाईत आहे.”

पोर्चमध्ये उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये तो अर्धा गडप झाला होता. गाडी बंद, किल्ली बाहेर, दारं लावलेली. बॅटरीची एक वायर सोडवून त्यानं मधे मीटर जोडला होता. बंद गाडीतून कुठे वीज गळत असली, की तो आकडा दाखवतो. आकडा शून्याच्या आसपास बसून राहिला होता.

“मग रोज सकाळी बॅटरी मेलेली का असते?” तिनं विचारलं. आवाज नको तितका चढला, हे तिचं तिलाच कळलं.

तिचे वडील घाटापलीकडच्या हॉस्पिटलात होते. उद्या सकाळी त्यांचं ऑपरेशन. “तू येईपर्यंत मी आत जाणार नाही,” असं म्हणून म्हातारा हटून बसला होता. आणि गाडी जागची हलत नव्हती. परवा बॅटरी उतरली म्हणून मेकॅनिकनं दुकानात नेऊन चार्ज केली, संध्याकाळी आणून बसवली. अंधारात घाटात गाडी घालायची तिची छाती नव्हती, म्हणून ती सकाळची वाट बघत राहिली. सकाळी पुन्हा ठणठणाट. काल संध्याकाळी त्यानं नवीकोरी बॅटरी घातली, आज तीही गार. आता दुकानातून ताजी चार्ज केलेली बॅटरी सोबत घेऊन तो भरदुपारी आला होता.

“बसनं जा म्हणते मी केव्हाची.” सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. “ऐकेल तर ना!”

त्यांचं हे पालुपद तीन दिवस चाललं होतं. एरवी सुनेच्या येण्याजाण्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. आता मात्र त्या खिडकीतून हलतच नव्हत्या.

नवऱ्याचं म्हणणं नेमकं उलट. तो नोकरीच्या गावी असायचा. वर्षभर घरात धड दोन शब्द बोलला नव्हता. पण तिच्या वडिलांचं आजारपण कळल्यापासून त्याचं वागणंच पालटलं. रविवारी आला, दुपारभर गाडीखाली पाठीवर पडून राहिला, काळ्याकुट्ट हातांनी बाहेर निघाला. “एकटी जाणार तू. मी स्वतः बघितल्याशिवाय कसा पाठवीन?” हे ऐकून तिला भरूनच आलं होतं. रोज त्याचा फोन यायचा. निघालीस का? बसचे हाल करून घेऊ नकोस हं, गाडीनंच जा.

मेकॅनिकनं मीटर काढला. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं गाडीचं जाडजूड कव्हर त्यानं सहज पायानं सरकवलं आणि थबकला. मग दोन्ही हातांनी ते उलटं पसरलं.

आतल्या बाजूला दोन गोल, करपलेले डाग होते. त्यानं कव्हर गाडीवर टाकून पाहिलं. डाग बरोबर हेडलाइटवर आले.

“बघा, सापडली गळती,” तो हलकेच म्हणाला. त्याच्या बोलण्यातली गंमत आटली होती. “रात्री कुणीतरी दिवे लावतं. वर कव्हर, म्हणून बाहेर उजेड दिसत नाही. चार-पाच तासांत बॅटरी झोपते. मग पहाटे येऊन बटण बंद, म्हणजे कुणाला पत्ता नको.”

“पण किल्ली तर माझ्या पर्समध्ये असते.”

“दुसरी?”

दुसरी सासूबाईंच्या कपाटात होती.

घरात दोघीच. गुडघ्यांमुळे दिवसा चार पावलं टाकताना कण्हणारी ही बाई रात्री अंधारात जिना उतरते, कव्हराखाली शिरते, दिवे लावते, वर जाऊन निजते. सकाळी चहा पिताना विचारते, “का गं, नाही झाली सुरू?” आणि आपण हिच्याशेजारच्या खोलीत कडी न लावता झोपतो!

“बॅटरी बसवा,” ती म्हणाली. “मी आत्ताच निघते.”

“मी आपला वायरींचा माणूस, ताई. घरातलं मला कळत नाही. पण निघा तुम्ही.” त्यानं पटापट बॅटरी जोडली, फाटक उघडलं आणि स्कूटरवर बसून निघून गेला.

ती बॅग घेऊन खाली आली, तेव्हा सासूबाई गाडीच्या दाराशी उभ्या होत्या.

“आई, रात्री दिवे तुम्ही लावता ना?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

“का? माझ्या बापानं काय घोडं मारलंय तुमचं?”

“उद्या पहाटेची बस आहे. मी येते तुझ्यासोबत. पण ही गाडी नको नेऊस.”

“कारण सांगा.”

“कसं सांगू? पोटचा आहे गं तो,” एवढंच त्या पुटपुटल्या आणि त्यांनी सुनेचं मनगट पकडलं. पकड इतकी घट्ट होती की तिची पाचावर धारण बसली. म्हातारीचं डोकं फिरलंय. काय करील, नेम नाही. तिनं हात हिसडला, आत बसून दार लॉक केलं, किल्ली फिरवली.

पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. तेवढ्यात फोन वाजला. नवरा.

“निघाले एकदाची,” ती स्पीकरवर म्हणाली. तिला रडू फुटत होतं. “तुझ्या आईनंच... नंतर सांगते सगळं.”

“छान. सावकाश जा,” तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

फाटकापासूनच रस्ता उताराला लागत होता. गाडीनं वेग घेतला. आरशात सासूबाई अनवाणी धावताना दिसल्या. दोन्ही हात वर करून त्या ओरडत होत्या, पण बंद काचांतून शब्द येत नव्हते. तिनं नजर पुढे वळवली. सुटले, असं तिला वाटलं.

वळण जवळ आलं. तिनं ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय सरळ खाली तळाला टेकला.