आधी पडदा

सिंचू शहरातल्या एका कारखान्यात रुग्णाच्या उशाशी ठेवायचं मशीन तयार होत होतं. छातीवरच्या सेन्सरचे ठोके आणि पडद्यावरची चित्रं एकाच तारेवरून जायची, त्यामुळे एकाला रांगेत थांबणं भाग होतं. कुणी थांबायचं, ते यी-त्सेनचा प्रोग्राम ठरवणार होता.

"पडदा अडखळतोय," लियाओसाहेब म्हणाले. "गिऱ्हाईक आधी तोच बघतं. त्याला पुढे घे."

"मग ठोके मागे राहतील, साहेब. आकडा शिळा दिसेल."

"थोडा शिळा चालतो गं." मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथल्या प्रथेप्रमाणे त्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीट त्यांनी सरळ केलं. यी-त्सेननं पडद्याला पुढे घेतलं.

पुढच्या वर्षी तिचे वडील इस्पितळात होते. उशाशी तेच मशीन होतं, पडदा कुठेही अडखळत नव्हता. ती त्यांचं मनगट धरून बसली होती.

"आमची लेक बघा," वडील शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होते. "हे मशीन तिनंच केलंय. पण सकाळपासून माझा हात सोडत नाही. लहानपणीसुद्धा कधी इतकी बिलगली नव्हती."

यी-त्सेन काही बोलली नाही. बोलली असती, तर ठोके मोजताना चुकली असती.