सोळा अंगुळे

"आप्पा, पिशवी बरोबर सोळा अंगुळे भरली," सुनेने बोटे टेकवून सांगितले. काल उतारावर तिची औषधांची पिशवी सायकलच्या चाकात अडकली आणि ती पडली. "पुन्हा पडलीस, तर आरोग्यसेविकेची नोकरी पुरे," असे नवऱ्याने बजावले होते.

आप्पांनी लोखंडी सळईवर सोळा अंगुळे मोजली आणि ती दगडावर ठोकून पिशवीसाठी चौकट वाकवली. यज्ञवेदी आखण्यात आयुष्य गेलेल्या त्या हातांना शंका ठाऊक नव्हती. कॅरिअरला आवळलेल्या चौकटीत त्यांनी पिशवी श्रद्धेने ठेवली. ती खाली निसटून पुन्हा चाकाला टेकली.

"एवढ्या वेद्या आखल्या, आणि एक पिशवी आवरेना?" सासूबाई हसल्या.

आप्पांनी आपली जाड बोटे सुनेच्या निमुळत्या बोटांशेजारी धरली, आणि तेही हसले. "वेदीचे माप यजमानाच्या अंगुळांनी घ्यावे, पुरोहिताच्या नव्हे. कार्य हिचे, आणि मोजली मी माझी बोटे!"

मग त्यांनी सळई ठोकून सरळ केली, अंगणात पूर्वाभिमुख पाट मांडला आणि सुनेसमोर हात जोडले.

"बसा, यजमान. बोटे ठेवा सळईवर."