पाचवी तारीख

वाशीमच्या कचेरीत तारीख असली, की गोजराबाई सीताबाईच्या खानावळीत जेवायची, अन् बेसनात मीठ नाही म्हणून दरवेळी तिला बोल लावायची. शेजारी तिची विहीण आवडाबाई मुकाट बसायची. पाचव्या तारखेला सीताबाई म्हणाली, "विहिनी-विहिनीचं एवढं गूळपीठ म्या कधी पाह्यलं नाही. लेक सुखात नांदते वाटते."

आवडाबाईचा घास हातातच राहिला.

"माह्या पोरानं इहिरीत लोटली तिले," गोजराबाई म्हणाली. मग विहिणीकडे वळली. "जेवा, विहीनबाई. चार तारखा झाल्या, तुमी मले एका शब्दानं इचारलं नाही. म्या डोयानं पाह्यलं, तेच आज गोऱ्या साहेबाले सांगतो. मंग फाशी होवो का काही होवो. तुमची एकच होती. माहाबी एकच हाय."