ओबुयाचं फळ

म्हातारी सातव्या फळापाशी थांबली, ती तिथून हलेचना.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अजून तास होता. मंत्रीबाई यायच्या म्हणजे दोन तास धरायला हरकत नव्हती. अकेयो शिडीवर चढून शेवटचा दिवा नीट करत होती. खाली चटईवर यागोच्या झाडाची बारा फळं ओळीनं मांडली होती, दुधीएवढी लांब आणि दगडासारखी जड. ही म्हणजे सहा वर्षांपूर्वी निवडणुकीनंतरच्या मोर्चातून पोलिसांनी लॉरीत घालून नेलेली बारा मुलं, परत न आलेली. ज्याचा देह हाती लागत नाही त्याच्या जागी घरचे लोक यागो पुरतात, हे इथं किसुमूत कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक फळाशेजारी एकेक नाव चिकटवलेलं होतं. या कामाला अकेयोनं दोन वर्षं दिली होती.

"हे नाव कुणी लिहिलं?" म्हातारीनं मान वर न करताच विचारलं.

अकेयो खाली उतरली. "मी. माझंच काम आहे हे, मावशी. तुम्ही...?"

"ओबुयाची आई. रिस्पा."

अकरा घरी अकेयो स्वतः गेली होती, बसली होती, परवानगी घेऊन आली होती. उरलेल्या एका घरचा फोन काही लागला नाही. एकच नाव वगळलं तर बरं दिसणार नाही, म्हणून ते तिनं वर्तमानपत्रातल्या यादीतून सरळ उचललं होतं.

"शेजारीण म्हणाली, ओबुयाचं नाव किसुमूत लावलंय. मला वाटलं, सापडलेल्यांची यादी असेल." रिस्पाच्या अंगावर चर्चला जायचा इस्त्रीचा झगा होता. आवाज अगदी शांत. "तो मेला, असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"ठाण्यातला साहेब बोलला नाही. कोर्ट बोललं नाही. पाद्री बोलायला लागला, त्याला मी चहासुद्धा न देता वाटेला लावलं. सहा वर्षं तो शब्द घरात काढू दिला नाही. त्याच्या बापालाही नाही. आणि तू, ना ओळख ना पाळख, चिकटवून मोकळी झालीस!"

"चुकलं माझं." ती वाकून नावाची पट्टी सोलायला लागली, तर म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"राहू दे. तू काढलंस म्हणून मी वाचलेलं पुसलं जाणार आहे का?"

मग ती चटईच्या कडेला बसली. फळावरून तिनं एकदा हात फिरवला.

"किती दिवस ठेवणार याला असं?"

"तीन आठवडे. मग नैरोबीला. मग... बर्लिनहून बोलावणं आलंय."

"बर्लिन!" रिस्पाला चक्क हसू आलं. "जिवंतपणी नाकुरूच्या पुढं गेला नाही कधी माझा लेक." हसू ओसरलं तशी ती म्हणाली, "पोरी, आपल्याकडं मेलेल्या माणसाला कुणी असं आल्यागेल्यापुढं उघडं टाकतं का गं?"

रिस्पानं खांद्यावरचं कापड काढलं, चटईवर पसरलं आणि फळ त्यात गुंडाळायला घेतलं.

हॉलचा व्यवस्थापक वॉल्टर धावतच आला. "आई, अहो आई, हात नाही लावायचा! अकेयो, अगं सांग ना यांना. पत्रिकेत बारा छापलंय. मंत्रीबाईंना काय अकरा दाखवू?"

"अकराच दाखव," अकेयो म्हणाली.

"तूही चल," रिस्पा गाठ मारता मारता तिला म्हणाली.

"आत्ता?"

"मग केव्हा? बातमी तू दिलीस. आता त्याच्या बापालाही तूच सांगायची. माझ्या तोंडून ते निघायचं नाही."

वॉल्टरनं कपाळावर हात मारला. अकेयोनं हॉलच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि ती म्हातारीमागून चालायला लागली. त्या बापाला काय सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे ती स्टँडपर्यंत मनात जुळवत राहिली. एकही वाक्य तिला धड वाटेना.

रिस्पाच्या गावाला, अहेरोला जाणारी मटाटू, प्रवाशांनी भरलेली व्हॅन, सुटायच्या बेतात होती. आत गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की खिडक्या थरथरत होत्या. दोघी कशाबशा बसल्या. फळ रिस्पाच्या मांडीवर.

"मावशी, गाठोडं मागं टाका," कंडक्टर ओरडला. "लोकांना जागा होत नाही."

रिस्पानं ते आणखी जवळ ओढलं.

"एवढं काय आहे त्यात? सोनं?"

दोनचार उतारू हसले. उत्तर द्यायला अकेयोनं तोंड उघडलं.

"माझा मुलगा आहे," रिस्पा म्हणाली. "थोरला. घरी नेतेय. पुरायला."

कंडक्टरनं गाठोड्याच्या आकाराकडं नीट पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली. मग पुढं वाकून तो ड्रायव्हरच्या कानात काहीतरी बोलला, आणि गाणं बंद झालं. अहेरो येईपर्यंत ते पुन्हा लावायला कुणी सांगितलं नाही.