मागे बघणारी बगळी

"पुन्हा वळली," कुराहाशी म्हणाले आणि कागदांचा गठ्ठा त्यांनी तोमिएच्या टेबलावर टाकला.

कुराहाशी हाताने काढलेल्या ॲनिमेशन चित्रपटांचे दिग्दर्शक. दृश्याचं पहिलं आणि शेवटचं चित्र ते स्वतः काढत. मधली सगळी तोमिएने काढायची. तीस वर्षं हाच रिवाज. या खेपेला पहिल्या चित्रात एक आई उंबरठ्यावर उभी होती. शेवटच्या चित्रात ती बगळी होऊन भातखाचरांवरून निघून जात होती. मधल्या बावीस चित्रांत तिला पिसं फुटायची, बस्स.

पण बाई सरळ जाईना. तोमिए तिची मान समोर काढायची. जेवून परत यावं, तर मान मागे, घराकडे. दोन खोडरबर झिजले. मग रात्रभर कागदांवर लोखंडी किटली ठेवून पाहिली. सकाळी बाईच्या कपाळाला काजळी लागलेली आणि मान मागेच. तो डाग अजून आहे. खोटं वाटत असेल त्याने जाऊन बघावा.

"अवघडली असेल गं मान," रंग भरणारी मासुको म्हणाली. "मलम चोळ जरा."

कुराहाशी हसले नाहीत. "उद्या दुपारपर्यंत सरळ कर, नाहीतर हे दृश्य दुसऱ्या कुणाला देतो. जाणारी माणसं मागे बघत नसतात, तोमिए."

"तुम्ही पाहिलंय वाटतं?"

ते दार ओढून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोमिएने गठ्ठा जसाच्या तसा त्यांच्या हातात दिला. "मी हात टेकले. द्या कुणाला द्यायचंय त्याला. पण आधी एकदा सलग चाळून बघा."

कुराहाशींनी कागद बोटांत धरून भराभर सोडले. बाई उंबरठा उतरली आणि तिने वळून बघितलं. कोपराला पिसं फुटली, वळून बघितलं. मान लांबली, पाय काटकुळे झाले, जमीन सुटली, तरी बघतच होती. त्यांनी पुन्हा चाळलं. मग पुन्हा. मासुकोने मोजलं, एकोणीस वेळा चाळलं.

"मग?" तोमिएने विचारलं. "कुणाकडे देताय?"

त्यांनी आपलं शेवटचं चित्र ओढलं, त्यावर दुरुस्तीचा पिवळा कागद ठेवला आणि दूर गेलेल्या बगळीची मान हलक्या हाताने मागे वळवली.

"सहा वर्षांचा होतो मी," वर न बघता ते म्हणाले. "आई घर सोडून निघाली, तेव्हा रुसून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो."